एकच प्रत

१

बॅग कुणीतरी पाडली होती. पाडली ती पाडली, वर उचलून पुन्हा होती तशी टेबलावर ठेवली. पट्टा नीट गुंडाळून, चेन लावून. चूक एक वेळ माफ करता येते. ही टापटीप माफ करता येत नाही.

सोमवारी सकाळी साडेनऊला तिनं लॅपटॉप उघडला आणि तो नेहमीसारखा सुरू झाला नाही. पडदा काळाच राहिला. मग आतून आवाज आला. टक्. थोडी उसंत. टक्. टक्. आत कुणीतरी नखानं दार वाजवतंय, आणि जोरात वाजवायला त्याला भीड वाटतेय, असा.

"माझ्या बॅगेला हात कुणी लावला?" तिनं सगळ्या ऑफिसला विचारलं.

सगळं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, फायलींची तीन कपाटं आणि दादा. दादा कामगारांसाठीच्या या संस्थेचे कर्तेधर्ते. साठी उलटलेले, आवाज न चढवणारे.

"शुक्रवारी फरशी पुसायला माणसं आली होती," ते म्हणाले. "वायरिंगवाला येऊन गेला. मी स्वतः दोनदा त्या टेबलाला अडखळलोय. आता कुणाकुणावर आळ घेणार, घाईताई?"

घाईताई हे तिचं ऑफिसातलं नाव. जिना ती दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, समोरच्याची वाक्यं स्वतःच पुरी करायची, आणि जगातला अन्याय फार तर पुढच्या महिन्यापर्यंत संपायला हवा, असं तिचं प्रामाणिक मत होतं. वय सव्वीस.

"दादा, गुरुवारी सुनावणी आहे."

"माहीत आहे."

"अकराच्या अकरा साक्षी याच्यात आहेत."

"आणि दुसरीकडे कुठे?"

लॅपटॉपच्या पोटातून पुन्हा तो आवाज आला. दादांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"कुठेच नाहीत," ती म्हणाली. "शब्द दिला होता मी."

२

सूत रंगवायचा कारखाना होता. दीड वर्षापूर्वी तिथला जमिनीखालचा हौद साफ करायला पाच माणसं खाली उतरली आणि पाचांपैकी एकही जिवंत वर आला नाही. हौदात वायू साठला होता. कारखाना म्हणाला, आम्हाला कल्पना नव्हती. चौकशी अधिकारी म्हणाले, कल्पना होती असं सांगणारा माणूस आणा.

अशी माणसं अकरा होती. पण त्यांचे हात आधीच पोळले होते. अपघातानंतर लगेच त्यांनी सह्यांनिशी एक अर्ज केला होता. त्या अर्जाची प्रत निघाली, प्रतीची प्रत निघाली, आणि आठवड्याच्या आत ती नको त्या टेबलावर जाऊन पडली. मग एकेकाचं काम गेलं. ज्या क्रमानं सह्या होत्या त्याच क्रमानं. शाळेत हजेरी घेतात ना, तसं.

त्यामुळे घाईताई पहिल्यांदा गेली तेव्हा सगळे रंगाऱ्याच्या घरी जमले होते. रंगारी म्हणजे हौदांवरचा सर्वांत जुना माणूस. एकतीस वर्षं रंगात हात घालून त्याच्या नखांच्या कडा निळ्या झाल्या होत्या, आणि श्वास घेताना छातीत बारीक शीळ वाजायची.

"बोलू, बाळ," तो म्हणाला. "पण एकच प्रत. फोनवर घे, तुझ्या त्या मशीनमध्ये टाक, फोनमधलं पुसून टाक. कागदावर उतरवायचं नाही. दुसऱ्या मशीनवर नाही. चौकशीच्या साहेबासमोर वाजव आणि तिथंच पूस."

"काका, अहो, एखादी जास्तीची असलेली बरी. समजा—"

"दोन झाल्या की तिसरी आपोआप होते. पोरांसारखं असतं ते."

सगळे हसले. रंगारी हसला नाही. तिनं शब्द दिला. आणि पाळला, हे तिच्याबद्दल सांगायलाच हवं. प्रत्येक साक्षीची सुरुवात ती एकाच वाक्यानं करायची: "नाव नको. काम सांगा." मग ते काम सांगायचे. पॅकिंग. हमाली. बॉयलर. हौद.

अकरांपैकी तिघे आता या जगात नव्हते. चार महिन्यांपूर्वी गेलेला रंगारी त्यातलाच. पाच जण पोटामागे दूर पांगले होते. राहिले तिघे. गुरुवारपर्यंत साक्षी पुढे आल्या नाहीत तर चौकशी 'पुराव्याअभावी' बंद होणार होती. पाच माणसं मेली, आणि त्याला पुरावा नाही! पाच माणसं हाच पुरावा नव्हे का, हे ती प्रत्येक टेबलावर सांगून दमली होती.

३

मंगळवारी ती लॅपटॉप घेऊन डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या अरुंद दुकानात बसणारा दुरुस्तीवाला. गमावलेला डेटा परत आणतो म्हणून त्याला हे नाव पडलं होतं, आणि त्यानं ते मनावर घेतलं होतं.

त्यानं लॅपटॉप उलटा केला, बारके स्क्रू एका झाकणात काढून ठेवले, डिस्क उचकटली आणि कानाशी धरली.

"हार्टचा पेशंट आहे, मॅडम. कधी पडला?"

"कुणीतरी पाडला."

"ते कुणीतरी सगळ्यांच्याच घरी असतं." त्यानं डिस्क एका वायरीनं आपल्या मशीनला जोडली. "आत एक तबकडी फिरते. तिच्यावर सुई तरंगते, केसाच्या निम्म्यानंही नाही एवढ्या अंतरावर. धक्का बसला की सुई टेकते. मग टक् टक्. तिला वाचायचंय, पण कुठून वाचायचं ते सापडत नाही."

"वाचेल का?"

"सगळं एका दमात मागितलं तर जागीच जाईल. हळूहळू, एकेक कण उचलायचा. जिथं अडेल तिथून उठायचं, पुढे जायचं, मग मागाहून तिथं परत यायचं. सगळी डिस्क या दुसऱ्या कोऱ्या डिस्कवर उतरवायची."

"म्हणजे प्रत काढायची."

"प्रतच म्हणा की."

डॉक्टर स्क्रूड्रायव्हरनं पाठ खाजवत वाट बघत होता. बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

ही प्रत नव्हे, तिनं स्वतःला सांगितलं. जळत्या घरातून माणसं बाहेर काढली तर त्यांची प्रत होत नाही. सुनावणी झाली की ही दुसरी डिस्क पुसून टाकू. सव्विसाव्या वर्षी स्वतःची समजूत घालायला वेळ लागत नाही.

"काढा," ती म्हणाली.

४

बुधवारी सकाळी डॉक्टर खुशीत होता.

"अठ्ठ्याण्णव टक्के! सोपं सोपं पहिल्या फेरीत उचललं. अवघड जागांवर आता दुसरी फेरी चालू आहे. तोवर तुम्ही आलेलं ऐकून घ्या. मध्ये मध्ये भोकं लागतील."

"भोकं म्हणजे?"

"जे वाचता आलं नाही त्या जागी प्रोग्रॅम शून्यं भरतो. शून्याला आवाज नसतो. बोलता बोलता माणूस एकदम बंद. खट्टकन."

तिनं हेडफोन चढवला आणि पहिली साक्ष लावली. पॅकिंगमधली मावशी. जागा मावशीच्या स्वयंपाकघरातली. तिला ती खोली आठवली: ओट्यावर उपडी घातलेली भांडी, नळाखाली बादली, भिंतीवर पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ.

"नाव नको, मावशी. काम सांगा."

"पॅकिंग. बारा वर्षं झाली. आधी दोरा गुंडाळायला होते, मग—"

मावशी थांबली.

खट्टकन नाही. बोलायचं थांबली, एवढंच. घड्याळ चालू होतं. नळातून बादलीत थेंब पडत होता. मावशीचा श्वासही ऐकू येत होता, नाकातून, सर्दी झालेल्या माणसासारखा. ती तिथंच बसलेली होती. बावीस सेकंद. मग वाक्याच्या भलत्याच टोकापासून पुन्हा सुरू: "—म्हणून मी वर बघितलं तर साहेब उभा."

घाईताईनं ते तीनदा ऐकलं. मग पडद्याकडे पाहिलं. आवाजाची रेघ त्या बावीस सेकंदांत सपाट होती. सरळ, एकही कंगोरा नसलेली.

"डॉक्टर, इथं शून्य आहे ना?"

त्यानं आकडे उघडून दाखवले. शून्यं. ओळीमागून ओळ, पानामागून पान.

"मग घड्याळ कुठून ऐकू येतंय?"

त्यानं हेडफोन एका कानाला लावला. बराच वेळ. मग परत दिला आणि हात पँटला पुसले.

"जुना हेडफोन आहे, मॅडम. वायर गुणगुणते."

असेल. ती तीन दिवस नीट झोपलेली नव्हती. कान दमतात, दमलेला कान ओळखीच्या जागा स्वतःच भरतो. हे तिनं कुठेतरी वाचलं होतं, आणि वाचलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास होता.

५

दुसऱ्या फेरीत भोकं लहान व्हायला हवी होती. ती मोठी झाली.

"असं व्हायला नको," डॉक्टर म्हणाला. आता तो विनोद करत नव्हता. "काल रात्री जे वाचलं, ते आज नाही. असं कसं होईल? आलेलं परत जात नाही."

तिनं हमालाची साक्ष लावली. कारखान्यात पिंपं उतरवणारा, आडदांड, पण अतिशय हळू बोलणारा माणूस. चौथ्या मिनिटाला तो थांबला. पंख्याची घरघर चालू राहिली. मग तो पुन्हा बोलला, आणखी हळू, तोंड माइकच्या जवळ आणून:

"ताई, अजून कोण ऐकतंय?"

हे वाक्य साक्षीत नव्हतं. तिला साक्षी पाठ होत्या. की असेल? असेलही. ती नेहमी पुढच्या प्रश्नाच्या घाईत असायची. एखादं वाक्य निसटलं असेल.

खुर्ची सरकली. पावलं वाजली, जड, सावकाश. कडी निघाली. दार लागलं. मग फक्त पंखा.

आणि त्या रिकाम्या खोलीत तिचा स्वतःचा आवाज म्हणाला, "बरं. तेव्हा किती वाजले होते, काका?"

उत्तर नाही. उत्तराला लागतो तेवढा वेळ गेला.

"अच्छा. मग पुढे?"

पंखा.

"मुद्द्याचं बोला ना, काका. साहेब काय म्हणाले तेवढंच सांगा."

रेकॉर्डिंगमधली ती रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारत राहिली. एकतीस मिनिटं. आवाजात तोच उत्साह, तीच घाई. समोर कुणी नाही हे तिच्या लक्षात आलेलंच नव्हतं.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. दुकानात उजेड होता. बाहेर भर दुपारी कुणीतरी सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावत होतं. सगळं जागच्या जागी होतं. तिनं पुढची फाइल लावली. त्यातही खुर्ची सरकली. त्याच्या पुढचीतही. लोक उठून चालले होते. भांडत नव्हते, आवाज चढवत नव्हते. पाळी संपल्यावर माणसं उठतात तसे उठत होते, गुडघ्यांवर हात टेकून.

तिनं जवळ राहणाऱ्या बॉयलरवाल्याला फोन लावला. पुन्हा साक्ष देता का, एवढंच विचारायचं होतं. फोन त्याच्या बायकोनं घेतला.

"ताई, बरं झालं बाई फोन केलास. यांना काय झालंय तेच कळेना. काल दुपारपासून बोलतच नाहीत."

"बरं नाहीये का?"

"धडधाकट आहेत. जेवतात, टीव्ही बघतात. मी म्हटलं, माझ्यावर रुसलात का? मान हलवतात, नाही म्हणून. तोंडावर बोट ठेवतात आणि दाराकडे बघतात. कोण आहे म्हणावं दाराशी? कुणी नाही!"

काल दुपारी. प्रत काल दुपारी सुरू झाली होती. योगायोग, ती मनात म्हणाली. घसा बसला असेल. पण योगायोग हा शब्द तिला मनातसुद्धा नीट उच्चारता आला नाही.

६

रंगाऱ्याची साक्ष शेवटची. ती लावायला तिचं बोट पुढे होईना.

सगळी केस त्या साक्षीवर उभी होती. हौदात वायू आहे, हे रंगाऱ्यानं दोनदा वर जाऊन सांगितलं होतं. कुणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं, हे त्याच्याच तोंडून आलं होतं.

"नाव नको, काका. काम सांगा."

"हौद." शीळ वाजली, श्वास आत गेला. "एकतीस वर्षं."

तो होता. अजून बसलेला होता. तेरा मिनिटं तो बोलला आणि ती टेबलाची कड धरून ऐकत राहिली. चौदाव्या मिनिटाला तो म्हणाला, "मग मी वर गेलो, साहेबाच्या केबिनच्या—" आणि थांबला.

खुर्ची सरकली. एक पाऊल. दुसरं.

"काका, थांबा," ती मोठ्यानं म्हणाली. दुकानात. जिन्याखाली. चार महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाला.

पावलं थांबली.

डॉक्टरनं मान वर केली. तिनं हात करून त्याला गप्प केलं. कानात ती शीळ होती, आता थोडी दूरवरून, दाराजवळून. आत, बाहेर. आत, बाहेर. कडीवर हात ठेवलेला लोखंडाचा बारीक आवाज आला. कडी निघाली नाही. तो वाट बघत होता. एकतीस वर्षं साहेब लोकांच्या उत्तरांची वाट बघितलेला माणूस जसा उभा राहील तसा, पाठ न टेकता.

कशाची वाट, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"डॉक्टर, ती प्रत पुसा."

"काय?"

"नवीन डिस्क. सगळी. आत्ता."

"मॅडम, डोकं ठिकाणावर आहे का? मूळ डिस्क आता शेवटच्या घटका मोजतेय. ही पुसली आणि ती गेली, तर तेलही गेलं, तूपही गेलं. हातात काय राहील?"

"माहीत आहे."

"उद्या सुनावणी आहे म्हणालात ना?"

"पुसा म्हणते ना!"

तो पुटपुटत उठला. पुसायला वीस मिनिटं लागली. पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली आणि ती त्या पट्टीकडे बघत उभी राहिली. आजवर तिनं एवढा वेळ कशाचीच वाट पाहिली नव्हती.

पट्टी संपली आणि तिचा फोन वाजला. बॉयलरवाल्याची बायको.

"बोलले गं बोलले! आत्ता चहात साखर कमी म्हणून ओरडले माझ्यावर. एवढा आनंद झालाय मला त्या ओरड्याचा!"

७

मूळ डिस्क डॉक्टरनं पुन्हा जोडली. "एकदा चालेल," तो म्हणाला. "कदाचित. मध्ये थांबवू नका, मागेपुढे करू नका. आणि काही उतरवून घ्यायचं असेल तर घेऊन टाका."

टक् झालं नाही. डिस्क फिरू लागली, एकसारखी, नव्यासारखी. डॉक्टरनं कान लावला आणि मागे सरला.

"पॅकिंग. बारा वर्षं झाली. आधी दोरा गुंडाळायला होते, मग साहेबांनी सांगितलं, उद्यापासून घड्या."

तिनं वही ओढली, पेन उघडलं, कागदावर टेकवलं. मावशी थांबली. नळाचा थेंब बादलीत पडला. तिनं पेन बंद करून लांब, डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं. मावशी पुढे बोलू लागली.

म्हणून तिनं फक्त ऐकलं. अकरा साक्षी, साडेपाच तास. ज्या प्रश्नांनी तिनं त्यांना तोडलं होतं ते प्रश्न आले की आता तिला कानांवर हात ठेवावेसे वाटत होते. मुद्द्याचं बोला. तेवढंच सांगा. आणि त्या प्रश्नांच्या आधी, निम्म्यावर तोडलेल्या वाक्यांत, ती मेलेली पाच माणसं होती. एक जण शिडी उतरताना शीळ घालायचा. एकाला त्या दिवशी सुट्टी होती. तो दुसऱ्याच्या बदली आला होता. एकानं वर राहणाऱ्याच्या हातात घड्याळ काढून दिलं होतं, भिजू नये म्हणून. यातलं काहीही तिनं कधी ऐकलंच नव्हतं. रेकॉर्ड मात्र केलं होतं.

रंगारी शेवटी आला. चौदावं मिनिट आलं, गेलं. तो केबिनच्या दारात गेला, वायू आहे म्हणाला. उत्तर मिळालं. खाली आला. पुन्हा वर गेला. पुन्हा तेच उत्तर मिळालं. तिनं डोळे मिटून घेतले.

रात्री साडेआठला तो म्हणाला, "संपलं, बाळ." डिस्कचा सूर खाली खाली गेला आणि थांबला. डॉक्टरनं तिच्यावर तळहात ठेवला, एखाद्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

"गेली," तो म्हणाला. "काही हाती लागलं का, मॅडम?"

तिला उत्तर द्यायचं होतं. पण घसा भरलेला होता. रडू येतं तेव्हा भरतो तसा नव्हे. एखाद्या लहान खोलीत फार माणसं बसली की हलायला जागा उरत नाही, तसा.

८

गुरुवारी ती एकटीच गेली. दादांना उच्च रक्तदाबानं अंथरुणाला खिळवलं होतं; ते फोनवर म्हणाले, "पुढची तारीख माग." ती हो म्हणाली आणि मागितली नाही.

सुनावणीची खोली लांबट होती. पुढे अधिकारी, डावीकडे कारखान्याचे दोन वकील. उजव्या कोपऱ्यात, सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीशी लावलेल्या टेबलावर टाइप करणाऱ्या बाई. त्यांच्या कानांवर हेडफोन होता आणि तो घाईताईच्या समोरच्या माइकला जोडलेला होता. मागे लोकांसाठी बाकांच्या चार रांगा होत्या. आत येताना तिनं पाहिलं, चारही रिकाम्या होत्या.

"ध्वनिमुद्रणं आणलीत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाहीत. डिस्क गेली."

कारखान्याचा वकील खाली मान घालून हसला. "मग काय ऐकायचं आम्ही, साहेब? आठवणी?"

"मी सांगते," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं तसं."

"ऐकीव साक्ष आहे ही."

"बोलू द्या," अधिकारी कंटाळून म्हणाले. त्यांना हे लवकर उरकायचं होतं. परवापर्यंत तिलाही सगळं असंच उरकायचं असायचं. "ग्राह्य धरायची की नाही ते मागाहून बघू. बोला."

तिनं मनात ठरवलं होतं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'असं ते म्हणाले' असं जोडायचं. म्हणजे कायद्यात बसेल. ती माइकजवळ वाकली. तिला अजिबात घाई वाटत नव्हती. उलट फार दमल्यासारखं वाटत होतं, अकरा पाळ्या लागोपाठ केल्यासारखं, आणि दमलेल्या माणसाला असते तशी एक प्रकारची स्वस्थताही होती.

"नाव नको," ती म्हणाली. "हौद. एकतीस वर्षं."

छातीत बारीक शीळ वाजली.

'असं ते म्हणाले' म्हणायचं राहून गेलं. मग तिला ते पुन्हा आठवलंही नाही. शब्द आपोआप येत होते, एकामागून एक, कुणी पुढे होऊन वाट करून द्यावी तसे. केबिनचं दार. पहिलं उत्तर. शिडी. हातातलं घड्याळ. पॅकिंगच्या खिडकीतून काय दिसलं. पिंपं कुणी हलवायला लावली. ती बोलत होती आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की अधिकाऱ्यांचं पेन थांबलंय. कारखान्याचा वकील आता हसत नव्हता. तो तिच्याकडे बघतही नव्हता. तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता, आणि बघता बघता त्यानं आपली खुर्ची हळूच भिंतीपर्यंत मागे ओढली.

तिनं वळून पाहिलं नाही. पाठीवर ऊब होती. बोलत राहिली.

कोपऱ्यातल्या बाई पाठमोऱ्याच होत्या. त्यांची बोटं भराभर चालली होती, मग अडखळली, मग थांबली. त्यांनी हेडफोनचा एक कान बाजूला केला आणि मान न वळवता, रोजच्या कामातल्या त्राग्यानं म्हणाल्या,

"ताई, तुमच्या मागच्या लोकांना सांगा ना जरा, एकेकानं बोला म्हणावं. मला एका वेळी एकाचंच टाइप करता येतं."